बिबट्याने मला इंग्रजीत खाल्लं

“तिला बिबट्याने नेलं,” हे वाक्य मी फळ्यावर इंग्रजीत लिहून वाचलं आणि वर्गातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. माझी जाऊ तर चपला घालून दारात पोचली होती.

“पूस ते! आत्ताच्या आत्ता पूस!” ती ओरडली. “उसाच्या कडंला घास कापायला माझी सून जाती. दुसरं कोण जातं? वास्तू तथास्तु म्हणत असती, कळत न्हाई का तुला?”

“वास्तूला इंग्रजी कळत नाय,” मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

फळ्याजवळ माझी सून उभी होती. वर्ग तिचा. ओतूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकून ती आमच्या घरात आली आणि शाळेची रिकामी खोली मागून घेऊन दुपारी गावातल्या बायकांना शिकवू लागली. नातवंडं इंग्रजी शाळेत, त्यांचं काही कळेना, म्हणून बायका आल्या. हेडमास्तरांनी बजावलं होतं, बायका येतील तोवरच खोली. त्या निघून गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी तिथं खिचडीच्या तांदळाची पोती लागली असती.

सुनेची पद्धत निराळी. पाठांतर नाही. ती शब्द देणार, गोष्ट आपली आपण रचायची. स्वतःचं सांगायचं असलं की माणूस शब्द शोधतो, असं तिचं म्हणणं. पण आमच्या बायकांच्या गोष्टीत काही घडतच नसे. बाई उठते, भाकरी करते, सगळे खुशाल. सून म्हणायची, काहीतरी बिघडू द्या. कोण बिघडवणार? बिबट्याने मान धरू नये म्हणून रानात गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून जाणाऱ्या बायका, पण कागदावर बिबट्या नको. म्हणून उसाकडेला घास कापणाऱ्या बाईच्या गोष्टीत मी तो आणला होता.

“आत्या, शेवट बदलता का?” सून हळूच म्हणाली.

बिबट्या जाणार नाही, असं मी सांगितलं. पण जावेची भीती खोटी नव्हती. तिच्या सुनेला त्या बांधावर जावंच लागतं. मी खडू घेतला आणि फळ्यावर त्या बाईच्या जागी स्वतःला घातलं. द लेपर्ड ईट्स मी. मग कुणाला न विचारता खाली लिहिलं, माय मीट इज हार्ड.

“म्हंजे काय?” जावेने दारातूनच विचारलं.

“मांस चिवट हाय माझं. दात पडत्याल त्याचे.”

“त्ये मातर खरं लिवलंस,” ती म्हणाली आणि चपला काढून आत येऊन बसली. तिच्यामागोमाग बाकीच्याही बसल्या.

तिथून वर्ग जो सुसाट सुटला! वाईट काय व्हायचं ते म्हातारीला होऊ दे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. एकीने मला विहिरीवरच्या मोटारीचा शॉक दिला, एकीने ओतूरच्या स्टँडवर एसटीखाली घातलं. जावेने साप चाववला. वर सुनेला विचारते, “हळूहळू मेली, याला इंग्रजीत काय म्हणत्यात गं?”

आता तीच जाऊ नातीच्या शाळेत जाऊन बाईंशी इंग्रजीत बोलते. चुकतं, पण थांबत नाही. माझ्या सुनेसारखी शिकवणारी तालुक्यात दुसरी असेल तर दाखवा. आणि त्या वर्गात काहीतरी बिघडवणारी पहिली बाई मी, चौथी शिकलेली, हेही मी कुणालाही सांगते.

वर्ग चालू आहे. जावेची सून घास कापून रोज घरी येते. मीही जिवंत आहे.