ऑर्लीनचा कर आणि शिकारीच्या खोपट्या

ऑर्लीन पेल्की सव्वीस वर्षं ईस्ट कोर्विनच्या शाळेची बस चालवत होती. एवढ्या काळात तिने भाषण असं कधी केलं नव्हतं. तिची बहुतेक वाक्यं 'खाली बस'च्या आसपासची. म्हणून ती गावसभेपुढे नव्या कराचा ठराव आणते आहे हे कळल्यावर गावाला आधी हसू आलं, मग कुतूहल वाटलं.

कारण साधं होतं. तिच्या घरमालकाने घर शहरातल्या लोकांना विकलं होतं आणि जूनमध्ये तिला बाहेर पडायचं होतं. परवडणारं भाड्याचं घर डोंगरापलीकडे, चाळीस मैलांवर. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या या गावातली निम्मी घरं उन्हाळ्यात दोन आठवडे जागी होत आणि उरलेलं वर्ष झोपून काढत. ठराव असा: ज्या घरात वर्षातले सहा महिनेही कोणी राहत नाही, त्याला दुप्पट कर, त्या पैशातून जुन्या डेअरीच्या इमारतीत स्वस्त भाड्याची आठ बिऱ्हाडं.

बोलणं जमत नसल्यामुळे ती लोकांना बसमध्ये बसवू लागली. शाळेची परवानगी काढून, रोज सकाळी एक जण. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसत, आणि बस एकामागून एक बंद दारांवरून न थांबता जाई. उतरताना जो तो गंभीरपणे म्हणे, "खरं आहे गं बाई." फेब्रुवारीअखेर साठ जणांनी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि हात वर करणं ही दोन वेगळ्या स्नायूंची कामं आहेत, हे ऑर्लीनला ठाऊक नव्हतं.

ते तिला थर्स्टन हॅझेनने सांगितलं. थर्स्टन बहात्तर वर्षांचा. चाळीस वर्षं प्रत्येक ठरावाला विरोध करत आलेला. सभेच्या आदल्या दिवशी तो बसमध्ये चढला.

"तुझा ठराव पडणार, ऑर्लीन."

"साठ जण हो म्हणालेत."

"त्या साठ जणांच्या शिकारीच्या खोपट्या आहेत जंगलात. वर्षाला दोन आठवडे उघडतात. दुप्पट कर त्यांनाही बसणार. हे तुझ्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नाही."

ऑर्लीनने बस कडेला घेतली. तिच्या वडिलांचीही अशी खोपटी होती, पण खोपटीला घर म्हणावं असं त्यांच्या घरात कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"मग तू का सांगतोयस?"

"मला समोरासमोर पाडायला आवडतं. चोरून पाडण्यात काय मजा?"

मंगळवारी सभेत ठराव वाचला गेला आणि सभागृहात खोकल्याची साथ आली. मग थर्स्टन उठला. त्याने दुरुस्ती सुचवली: ज्या वास्तूत फ्लशचा संडास नाही, ती घर नव्हे. पुढची पन्नास मिनिटं गाव संडासाच्या व्याख्येवर बोललं. शाळेच्या गळक्या छपराबद्दल इतकं मनापासून कोणी कधी बोललं नव्हतं. शेवटी बसमध्ये मान डोलावलेल्यांपैकी मर्ल बुशे उभा राहिला, कान लाल.

"माझ्या खोपटीत आहे. फ्लशचा."

त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"बायकोनं लावायला लावला."

"गरम पाणीही आहे म्हणे?" मागून कोणीतरी विचारलं.

"आहे."

"मग तू शिकारीला नाही, सासुरवाडीला जातोस."

सभापतींना हातोडा तीनदा आपटावा लागला, कारण पहिल्या दोन वेळा ते स्वतःच हसत होते. मर्ल बसला नाही.

"ऑर्लीन, बिऱ्हाडं व्हायला दोन वर्षं लागतील. तोवर तू आमच्या खोपटीत राहा. भाडं आत्ता देतेस तेवढंच दे. राहतं घर झालं की मलाही जादा कर नाही. फक्त नोव्हेंबरात शिकारीला आम्ही तिघं दोस्त येऊ, तेवढं सोस."

"तिघंही घोरता?" ऑर्लीन म्हणाली. सभेतलं तिचं हे पहिलं वाक्य.

"मी नाही घोरत."

"हे इतिवृत्तात लिहू नका," मर्लची बायको म्हणाली.

दुरुस्तीसह ठराव मताला टाकला गेला. बाजूने एकशे अकरा, विरोधात तेवीस. त्यात एक ताठ हात थर्स्टनचा होता. दुरुस्ती तुझीच होती की, असं शेजाऱ्याने म्हटल्यावर तो म्हणाला, "सामना तरी बरा झाला," आणि सभेनंतरच्या गावजेवणाच्या रांगेकडे निघाला.

ऑर्लीन जेवायला गेली नाही. ती मर्लच्या बायकोला गाठून खिडक्यांची मापं विचारत होती. तिला पडदे शिवायचे होते.