उंबऱ्यावरचा पेला

“बिनघोर प्या की पावणं,” असं म्हणत दूध कट्ट्यावरचे मामा फेसानं काठोकाठ भरलेला पेला हातात द्यायचे आणि पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. त्याच्या मिशीला फेस लागल्याशिवाय ह्यांचं समाधान व्हायचं नाही. परगावच्या कुणी “तापवलेलं नाही का?” असं विचारलं, की मामा म्हशीकडे बोट दाखवायचे. “तिनंच तापवून दिलंय. आनि कोन तापवनार?”

आमच्या पेठेतला दूध कट्टा तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात. तुमच्या डोळ्यांसमोर धार काढतात आणि ते कोमट दूध तिथंच उभ्या उभ्या प्यायचं. माझं औषधांचं दुकान समोरच. मामा मला नावानं कधी हाक मारत नसत. “काय मेडिकल, आज उशीर?” एवढंच.

शेवटच्या म्हशीची धार झाली की ते एक पेला भरून घरात न्यायचे. घर कट्ट्याच्या मागेच. पहिला घोट स्वतः घ्यायचे आणि उरलेलं दूध मामींना द्यायचे. लग्नापासूनची रीत. “ह्यांनी उष्टावल्याबिगर मला दूध ग्वाड लागत न्हाय,” असं मामी चारचौघांत सांगायच्या. एवढा आडदांड गडी, पण लाजून कानापर्यंत तांबडा व्हायचा.

मामींना त्यांच्या भावाची किडनी बसवलेली होती. अंगानं ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या लागायच्या, त्या माझ्याच दुकानातून जात. पण त्याच गोळ्या अंगाची रोगाशी झुंजायची ताकद दाबून ठेवतात. म्हणून कोरोना आला तसं मामांनी आपलं बाजलं गोठ्यात टाकलं. पेला उष्टा न करता उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे सरायचे. “आज दूध पचपचीत हाय,” मामी आतून कुरकुरायच्या. “पी गप,” मामा बाहेरून ओरडायचे.

लस आली तशी दोघांनी घेतली. मामींच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, यांच्या अंगात लस नीट धरेलच असं नाही, घरातल्यांनीच जपायचं. त्यामुळे मामांनी ती सुई स्वतःसाठी टोचून घेतलीच नाही म्हणा ना, बायकोसाठी घेतली. दुसऱ्या डोसानंतर दंड चोळत ते दुकानात आले. “म्हशीला लाळ्या-खुरकुताची लस टोचली की गोठा बिनघोर. आता माझ्याकडनं तिला काय हुत न्हाय.” त्याच दिवशी बाजलं घरात गेलं, पेला परत उष्टा झाला आणि मामींचं हसू कट्ट्यापर्यंत ऐकू आलं. आम्ही आपले मान खाली घालून दूध पीत राहिलो.

मग त्या विषाणूनं रूप बदललं. मी मामांना समोर बसवून सांगितलं, “लस अजून जीव वाचवतीय, पण ह्या नव्याला ती दारात अडवत नाही. तुमचं सर्दीवर भागेल, मामींचं भागणार नाही. पेला वेगळा ठेवा.”

“डोस घेतलाय की,” मामा म्हणाले. “इतकं दिस काय झालं काय? आनि वेगळा दिला की रुसती वो ती.”

थंडीत त्यांचा घसा खवखवला. एक दिवस अंग कसकसलं, आल्याचा काढा घेतला, दुसऱ्या दिवशी धारेला बसले. गार वारं बाधलं म्हणाले. दोन्ही दिवशी पेला आत गेला, पहिला घोट घेऊनच.

त्याच आठवड्यात मामी दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. तपासणीत मामींना कोरोना निघाला, मामांनाही तोच. त्यांना जवळ जाऊ दिलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मामा दुकानात आले. उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या. मग म्हणाले, “लस खोटी न्हाय बरं का, मेडिकल. खरी निघाली. मी कुठं मेलो?”

मी पट्ट्या गोळा करून खणात ठेवल्या. त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

पुढे ते कट्ट्यावर आले, पण बिनघोर हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. पेला द्यायचे तो हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून. कुणाच्या मिशीला फेस लागला की नाही हे आता ते बघत नसत. थोड्याच दिवसांत म्हशी मलकापूरच्या मेव्हण्याला देऊन टाकल्या आणि त्याच्याकडेच राहायला गेले. त्यांच्या जागेवर आता दुसऱ्याच्या म्हशी असतात.

जायच्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावरच होतो. म्हशी न्यायला रस्त्यावर टेम्पो उभा होता. शेवटच्या म्हशीची धार झाली, तसा मामांनी सवयीनं पेला भरला. ओठाजवळ नेला आणि थांबले. मग तो तसाच, उष्टा न करता, कुलूप घातलेल्या घराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरले.