सखूला मी ओळखलं नाही

सतपुड्याच्या शिबिराची गोष्ट मी सभांमधून पुष्कळदा सांगितली आहे. अर्धीच. उरलेली अर्धी बायकोलाही माहीत नाही.

सांगत आलो ती अशी. यावलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एका शेठचा बंगला होता. उन्हाळ्यात तिथं दम्याच्या पोरांना ठेवून घेत. मोकळी हवा, दूध, डॉक्टर. एका सकाळी मला धाप लागली. श्वास आत जाईना. शेठाणीबाई ओसरीवरच होत्या. त्यांनी स्वतः कढत पाण्याचं फुलपात्र पुढे केलं. मी उकिडवा बसलो आणि ओंजळ धरली.

फुलपात्र समोर असताना ओंजळ! गावात आम्हा महारांना पाणी वरून ओतत. चालायला लागल्यापासूनची सवय. जीव घाबरा झाला आणि हातांनी आपलं तेच केलं.

बाईंचा हात तसाच राहिला. "कुणाचा रे हा?"

शिबिराचे डॉक्टर शेजारीच खाली बघत उभे होते. मग म्हणाले, "यानं मला फसवलं. कुणबी म्हणून सांगितलं होतं."

माझ्यापुढे धरलेलं फुलपात्र बाटलं म्हणून विस्तवात टाकलं. पाणी मला मिळालंच नाही.

खोटं बोलले डॉक्टर. त्यांना सगळं ठाऊक होतं. धुळ्यात माझा बाप सरकी काढायच्या जिनात कामाला. तिथंच त्यांनी मला तपासलं, पाठीला कान लावून. बापाला म्हणाले, "पोरगा हुशार आहे. मी शिबिरात नेतो, बंगल्यातच ठेवतो. कुणी विचारलं तर कुणबी सांगायचं. पुढचं माझ्यावर." बापानं त्यांच्यासमोर जमिनीला डोकं टेकलं. वाटेत मला चारदा बजावलं, "कोनी इचारं तं कुणबी सांगजो." मी डॉक्टरांना देव समजत होतो. त्या देवानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इथपर्यंत लोक ऐकतात, चिडतात. आता उरलेलं.

महारवाड्यातली दोन-तीन पोरं शिबिरात उघडपणे घेतली होती, नावापुरती. ती बंगल्यात नव्हती. मागं बैलांच्या गोठ्याला लागून त्यांची पडवी. कडब्याची धूळ सारखी उडायची. दम्याच्या पोरांना कडब्याजवळ! त्यात सखू होती. आमच्याच आळीतली, माझ्याहून लहान. तिची आई आणि माझी आई एकत्र कापूस वेचायला जायच्या.

माझं बिंग फुटायच्या आधीची गोष्ट. पाण्याचा माठ ओसरीच्या कडेला. सखूनं लांब उभं राहायचं, आचाऱ्यानं पाणी ओतायचं. त्या दुपारी आचारी कुठं गेला होता कोण जाणे. माठाजवळ मी उभा, सोबत एक पाटलाचा पोरगा. सखू धापा टाकत आली.

"भाऊ, पानी टाक ना. दम लागना."

पाटलाचा पोरगा हसला. "तुला भाऊ म्हणते रे! पाहुणी का तुमची?"

"मी हिला ओळखत नाही," मी म्हणालो. शाळेत बोलतात तसं, शुद्ध.

सखू होती तिथं बसली. तिच्या गळ्यातली शीळ मला ऐकू येत होती. तांब्या माझ्या हाताशी होता. आचारी येईपर्यंत मी आंब्याच्या झाडाकडे बघत राहिलो.

बिंग फुटल्यावर मलाही गोठ्याकडे हाकललं. सखू पोत्यावर बसली होती. म्हणाली, "उनात का पाटील? या, कडबा बठ्ठा तुमनाच शे." आलात का, सगळा कडबा तुमचाच, असं माझं स्वागत करून तिनं सरकून जागा दिली. ती जागा मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी गोरा साहेब शिबिर बघायला येणार होता. डॉक्टरांनी आम्हाला पढवलं, हात जोडा आणि कृपा झाली म्हणा. साहेब आल्यावर माझी पाळी आली. मी हात जोडले नाहीत. म्हणालो, "कुणबी सांग म्हणून यांनीच शिकवलं." साहेबाला कळलं नसावं. डॉक्टरांना कळलं. थोबाडीत बसली, त्याच संध्याकाळी मला घरी धाडलं. सखू तिथंच राहिली, कडब्यात.

त्या चपराकीवर मी पुढारी झालो. लोक म्हणतात, भाऊ, केवढं सोसलं तुम्ही! सखू अजून धुळ्यात आहे, जिनात रुई वाहते. माझ्या सभांना येते. बायकांत पुढं बसते. मी डॉक्टरांची गद्दारी सांगतो तेव्हा ती पदरात खोकत माझ्याकडे बघत असते. आजवर एका शब्दानं बोलली नाही. तिला आठवतं, हे मला माहीत आहे.

डॉक्टर भेकड होते, हे मी शंभर लोकांत ओरडून सांगितलं. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य त्याच जातीचं होतं. ते मी आधी बोललो, डॉक्टर नंतर.

येत्या सभेत गोष्ट पुरी सांगणार आहे. सखू समोर असताना, तिचं नाव घेऊन. लोक उठून गेले तर जाऊ देत. पुढारीपण गेलं तर जाऊ दे. माफी मागणार नाही; ती द्यायची की नाही हे तिचं तिनं ठरवावं. सखूला मी ओळखत होतो, एवढं चारचौघांत सांगण्याचं देणं मी तिला लागतो. ते अजून दिलेलं नाही.