पायाळूची नडगी

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आई म्हणायची, हिला पहिल्यापासूनच पळायची घाई. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, यावर आमच्या कोराडीच्या वसाहतीचा डॉक्टरच्या गोळीइतकाच विश्वास होता. वडील वीज केंद्रात कामाला. त्यांना भेटायला फारसं कोणी यायचं नाही, पण कंबर धरून वाकलेली माणसं आमचं दार बरोबर शोधत यायची. ती सतरंजीवर पालथी पडायची, मी पाठीवर डावा पाय हलकेच टेकवायची, आणि ती उठून चहा पिऊन जायची.

संध्याकाळी आम्ही मुली खो-खो खेळायचो. ते मैदान अजूनही माझ्या झोपेत येतं. पायाखाली दगडासारखी टणक माती, तिच्यावर राखेचा पातळ थर, आणि पलीकडे कूलिंग टॉवरची वाफ पिंजलेल्या कापसासारखी आभाळात विरत चाललेली. झोपेतल्या त्या मैदानावर आम्ही पळतो, पण पावलांचा आवाज होत नाही. कुणी दमत नाही, शिट्टी वाजत नाही, अंधारही पडत नाही.

जागेपणी मात्र तिथे काही ना काही लागायचंच. काही दुखापती वाजतगाजत यायच्या. घोटा मुरगळला की किंकाळी, खांबाशी सूर मारताना बोट निखळलं की धावाधाव, आणि मग आंबेहळदीचा वास. काही मात्र चोरपावलांनी घरात शिरायच्या. माझ्या नडगीचं दुखणं या दुसऱ्या जातीचं. आधी खेळ संपल्यावर नुसता एक ठणका. मग जिना उतरताना. मग सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना. कधी सुरू झालं म्हणाल, तर मला आजही सांगता येणार नाही.

जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. मला त्या संघात जायचं होतं, आणि माझ्या मैत्रिणीबरोबरच जायचं होतं. ती आमची कप्तान. खेळताना मला तिचा चेहरा कमी आणि पाठीवर पडणारा हात जास्त ओळखीचा. मागून तिचा ‘खो’ आला की आपण उठलो कधी आणि पळालो कधी, हे मला कळायचंही नाही.

“काहून लंगडून राहिली वं?” एक दिवस तिनं हटकलंच.

“नडगी दुखते. अन् मले पाय कोण लावणार? पायाळूले पायाळू कुठून आणू?”

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत आली. “मायले विचारलं. मी पण पायाळूच आहे वं! मलेच माहीत नव्हतं.”

मला आभाळ ठेंगणं झालं. मग रोज खेळ संपला की आम्ही मैदानामागच्या कडुनिंबाखाली बसायचो. ती चप्पल काढून माझ्या नडगीवर पाय ठेवायची, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं इतका अलगद.

“कसं वाटते?”

“हल्कं वाटून राहिलं,” मी म्हणायची. तसं काही वाटत नव्हतं. पण तिचा चेहरा उजळायचा, आणि तो तसा उजळलेला मला आवडायचा.

उपाय उसणीचा, दुखणं नडगीचं, आणि त्या भरवशावर रोज पळापळ. असला शहाणपणा आम्हीच करावा. निवडीला थोडे दिवस उरले असताना मी पळता पळता खाली बसले, ती उठलेच नाही. वडिलांनी मला शहरात, धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नडगीचा एक्स-रे काढून उजेडाकडे धरला.

“हे एका दिवसाचं दुखणं नाही. हाडावर रोज थोडा थोडा भार पडून चीर गेली, आणि भरून यायला तू त्याला वेळच दिला नाहीस. लवकर आली असतीस तर नुसत्या विश्रांतीवर भागलं असतं.”

संघ माझ्याविना गेला. मैत्रिणीला घेऊन तिची आई मला बघायला आली, सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन. बोलता बोलता मी पायाळूचा विषय काढला, तशी तिची आई हसायलाच लागली. “हे कुठची पायाळू? डोक्यानंच झाली हे. डोकंभर केस होते हिले!”

मैत्रीण दाराशी उभी होती. मला तिचा राग आला, भयंकर राग आला. तिच्या एका थापेपायी माझं पळणं गेलं असं वाटलं आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती गेली नाही. माझ्या पायथ्याशी बसून राहिली.

“मले वाटलं, तुह्या मनाले पटलं तर दुखणं जाईन,” ती म्हणाली.

हल्कं वाटून राहिलं म्हणणारी मीच होते, हे मला आठवलं. राग तिथेच ओसरला. नडगी पुढे भरून आली, पण माझं खेळणं काही परत आलं नाही.

ती मात्र खेळत राहिली. आता त्याच मैदानावर मुलींना शिकवते, शिकवताना त्यांच्याबरोबर पळतेही. मी शहरात राहते. मागच्या महिन्यात ती घरी आली, तर कठडा धरून एकेक पायरी चढत होती.

“गुडघा,” ती म्हणाली. “कधीपासून, ते माहीत नाही.”

हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं. मी तिला डॉक्टरकडे नेलं, पुन्हा धरमपेठेतच. वर्षानुवर्षं उकिडवं बसून झटक्यात उठल्यानं गुडघा झिजला होता. मुलींना शिकवा, पण पळणं आता बंद, असं त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मैदानावर चाल माह्यासंगं.”

आम्ही कोराडीची बस धरली. सुट्टी होती, मैदान रिकामं होतं. वाफ तशीच विरत होती, आणि मी जागी आहे की झोपेत, हे मला क्षणभर उमगेना. ती कडुनिंबाखाली बसली. पाय लांब केला.

“लाव पाय. तू तर खरी आहेस.”

“ते उसणीचं असते वं. गुडघ्याचं नाही.”

“माहीत आहे मले.”

मी चप्पल काढली, झाडाला धरलं, आणि डावा पाय तिच्या गुडघ्यावर ठेवला. जमेल तितका अलगद.

“कसं वाटते?”

ती रिकाम्या खांबांकडे बघत होती.

“हल्कं वाटून राहिलं,” ती म्हणाली, आणि मान वर करून माझा चेहरा बघू लागली.