एका माणसाचा तंबू

अपडाउन करणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य जीपमध्ये जातं आणि उरलेलं अर्धं, जीपमध्ये काय झालं ते घरी सांगण्यात! मी शाळेत शिकवते आणि सोळा वर्षं अमरावती-दर्यापूर करते आहे. रोज सकाळी राजापेठेतून तीच जीप, तीच माणसं. त्यामुळे किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही, ते आपणहून शेजारच्या सीटवर येऊन बसतात. त्यातले हे काही, सगळे एका तंबूपायी घडलेले.

जीप रफिकभाईंची. माझ्या बाजूला गवई सिस्टर, दवाखान्यात नर्स. समोर वानखडे सर. ते खरं तर एका कचेरीत बाबू आहेत, कधी कोणाला काही शिकवलं नाही, पण सल्ला फार देतात म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात.

*

मागच्या मार्चमध्ये मी जीपमध्ये जाहीर केलं, "मले एक रात्र एकटीनं तंबूत झोपायचं हाय."

रफिकभाईंनी गाडी बाजूला घेऊन उभी केली.

"घरी काई झालं का?" वानखडे सरांनी हळू आवाजात विचारलं.

घरी काहीच झालं नव्हतं, तेच तर दुखणं! सत्तेचाळीस वर्षांत मी एकदाही एकटी झोपलेली नाही. माहेरी पाच भावंडं, मग होस्टेल, मग सासर. दिवसभर शाळेत 'मॅडम'. घरी मुलाचं 'आई', सासूबाईंचं 'सूनबाई' आणि नवऱ्याचं 'अवं'. मला एकच रात्र अशी हवी होती, की कोणी हाक मारणार नाही.

"मंग लॉजवर झोपा ना!" सर म्हणाले.

"लॉजवर सकाळी चहावाला दार वाजवते!"

पण खरं सांगते, मी मुळातच भित्री. भिंतीवर पाल दिसली तर पाल हाकलत नाही, मीच खोली बदलते. त्यामुळे तंबू कसा हवा हे माझं मी पक्कं केलं होतं. एका माणसापुरता, एकटीला उचलता येणारा, आणि हात थरथरत असले तरी अंधार पडायच्या आत उभा होणारा.

*

पहिला तंबू वानखडे सरांनी आणला, अकोल्याच्या मेहुण्याकडून. सहा माणसांचा.

"सर, मी एकटीच जानार हाय."

"हो, पण पाहुणे आले त?"

तो लावून पाहायला आम्ही गवई सिस्टरच्या भावाच्या शेतात गेलो. एप्रिल महिना. आपल्या काळ्या मातीला तेव्हा अशा भेगा पडतात की चप्पल आत जाते. सरांनी पहिली खुंटी ठोकली. एक घाव, दोन घाव, आणि खुंटी गायब! भेगेत गेली ती गेलीच. दुसरी जरा बाजूला ठोकली. तीही गेली. चौथीनंतर सर भेगेत डोळा लावून बघत बसले आणि मला उगाच घाम फुटला, कारण खुंट्या मेहुण्याच्या होत्या.

सिस्टरचा भाऊ बांधावर बसून सगळं बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "काई टेन्शन घेऊ नका सर. पाऊस पडला की येतीन वर!"

त्या दिवशी एक गोष्ट ठरली. तंबू खुंट्यांवाचून स्वतःच्या पायावर उभा राहणारा पाहिजे.

*

दुसरा मी ऑनलाइन मागवला. परातीएवढी गोल पिशवी. वर लिहिलेलं, दोन सेकंदांत उभा! काही जोडायचं नाही, काही ठोकायचं नाही, पट्टा सोडायचा आणि हवेत फेकायचा. माझ्यासारखीसाठीच बनवला, असं वाटलं. दाखवायला म्हणून जीपमध्ये घेऊन गेले.

त्या दिवशी जीपमध्ये अकरा माणसं होती. मी वानखडे सरांना बजावलं, "सर, पट्टा सोडू नका."

सर म्हणाले, "कोनता पट्टा? हा?"

कंपनी खोटं बोलली नव्हती. दोनच सेकंद लागले! माझं डोकं एका कोपऱ्यात, सिस्टरचा डबा दुसऱ्या कोपऱ्यात. रफिकभाईंना आरशात फक्त निळं कापड दिसत होतं, ते ओरडत होते, "कोन मेलं? कोन मेलं?" आणि मागच्या सीटवरचे एक म्हातारे बाबा अख्खेच्या अख्खे तंबूच्या आत गेले होते. ते तोपर्यंत झोपेत होते. आतून आवाज आला, "दर्यापूर आलं का?"

मिटायला तो कोणालाच जमला नाही. शेवटी वर कॅरियरवर बांधून शाळेपर्यंत नेला. तिथे पीटीच्या सरांनी मुलांना लावलं, तेव्हा कुठे मधल्या सुट्टीपर्यंत घडी झाली. उघडायला दोन सेकंद आणि मिटायला आठवी 'ब'चा अख्खा वर्ग! एकटी बाई तो परत कसा आणणार? परत पाठवून दिला.

*

तिसरा बरोबर निघाला. दोन लवचीक काड्या, एकमेकींवरून आडव्या घालायच्या, कापडाला आकडे अडकवायचे, झालं. वजन दोन शेर गव्हाएवढं. पण तेव्हा मे लागला होता. माझा भाऊ फोनवर म्हणाला, "आता झोपली त सकाळी भरीत होऊन निघशीन!" म्हणून बेत हिवाळ्यावर गेला आणि मला भ्यायला सहा महिने जास्तीचे मिळाले.

दिवाळीनंतर गच्चीवर सराव सुरू केला. मी तंबू लावायची, आमचे हे हातात मोबाईल धरून वेळ मोजायचे. अकरा मिनिटं, नऊ, सात, सहा. ह्यांना माझ्याहून जास्त धास्ती. त्यांनी तंबूला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "अवं, याले कुलूप कुठी लागते?" दुसऱ्या दिवशी चेनला लावायला छोटं कुलूप घेऊनही आले.

हे जीपमध्ये सांगितलं तर वानखडे सर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, कुलूप मानसासाठी असते. बिबट्याले काय समजते कुलूप?" त्या रात्री मला घरातसुद्धा झोप लागली नाही.

गवई सिस्टरने मात्र वेगळाच प्रश्न काढला. "लावायले सहा मिनिटं लागते, ते समजलं. बाहेर निघायले किती लागते?" ती मुद्दाम गच्चीवर आली, मला आत घातलं आणि ओरडली, "नीघ!" माझी ओढणी चेनमध्ये अडकली. चाळीस सेकंद! "दवाखान्यात पेशंट आत कसा आला ते मी नाई पाहत, बाहेर कसा जाईन ते पाहते," असं म्हणून तिने माझ्याकडून वीस वेळा बाहेर येण्याचा सराव करून घेतला.

रोज संध्याकाळी मी गच्चीवर, तंबूत. शेजारच्या काकूंनी चार दिवस हे पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी ह्यांना जिन्यात गाठलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "जाऊ द्या ना आता. घ्या तिले घरात. मानूस हाय, चुकते!"

*

डिसेंबरातला शनिवार ठरला. जागा चिखलदऱ्याच्या वाटेवरची, सिस्टरच्या ओळखीच्या कुटुंबाचं शेत, शंभर पावलांवर त्यांचं घर. भिण्यासारखं काही नव्हतं आणि मी भीतीने अर्धी झाले होते. जेवण जात नव्हतं. शुक्रवारी परतीच्या जीपमध्ये मी म्हटलं, "राहू द्या. पुढच्या वर्षी पाहू."

सल्ला देणारे वानखडे सर खिडकीबाहेर बघत बसले. मग रफिकभाई आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, सोळा साल झाले. तुमी एकडाव खिडकीची सीट नाई मागितली. एवढं त घ्या."

मला रडूच आलं. वानखडे सर उठले आणि मला खिडकीत बसवलं.

उतरताना सिस्टरने सगळ्यांकडून शपथ घेतली, कोणी फोन करायचा नाही, मेसेज नाही, काही नाही. घरी ह्यांनीही गळ्याला हात लावला. "पोचली की एक मिस कॉल दे. मंग आमी कोनी हाक नाई मारत."

*

पोचले. तंबू लावला, पाच मिनिटांत. मिस कॉल दिला. सूर्य बुडाला. पान हललं की वाटायचं बिबट्या, आणि पान हललं नाही की वाटायचं बिबट्या दबा धरून बसलाय! सिस्टरने सांगितल्याप्रमाणे डोकं चेनकडे करून पडले, ओढणी पिशवीत कोंबली, एक हात चेनवर. आणि तशीच कधी झोप लागली, ते कळलंच नाही.

जाग आली तेव्हा तंबू उन्हाने पिवळा झाला होता. कोणी उठवलं नव्हतं. माझी मीच उठले होते! बाहेर येऊन छोट्या शेगडीवर चहा केला, एकच कप, आणि तो गरम असताना प्यायले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग मोबाईल पाहिला. एक मेसेज नाही. जीपच्या ग्रुपवर पहाटे पाचपासून फुलं आणि सुविचार येतात, तिथेही सामसूम. सगळेच्या सगळे गप्प कसे? ह्यांनी बीपीची गोळी घेतली का? जीपला काही झालं का? बिबट्याचं मी पार विसरले. तिथूनच घरी फोन लावला.

अर्धी रिंग वाजते न वाजते तोच फोन उचलला गेला. पण पलीकडे कोणी बोलेना.

"हॅलो? अहो, हॅलो!"

नुसता श्वास ऐकू येत होता. आणि मागे कोणीतरी खोकलं. तो खोकला मी सोळा वर्षं समोरच्या सीटवरून ऐकते आहे.

"अहो, बोला ना! जीव चालला माझा!"

"तूच म्हनली होती ना," जागरणाने ह्यांचा आवाज पार बसला होता, "कोनी हाक मारायची नाई."

"बरं," मी म्हटलं, "आता मारा."

मग हे हळूच म्हणाले, "सुनंदा."

आणि मागून वानखडे सरांचा आवाज आला, "मॅडमचं नाव सुनंदा हाय?"