डावी बाजू नितीनची

क्लब चालवायला घेतला की किस्से साठतातच, मग तो क्लब कॉम्प्युटरमधला का असेना! आमचा क्लब पापडी गावात, सावियोच्या घरी. मॅनेजर तिघे: सावियो, जूचंद्रचा मंगेश आणि मी, नितीन. गेममध्ये आपण फक्त टीम निवडायची, डावपेच ठरवायचे. खेळतो तो कॉम्प्युटर. रविवारी चर्चमधली मिसा सुटली की आधी मैदानावर खरा फुटबॉल, मग घरी हा. मैदानावर सावियो गोलकीपर. त्याच्या ग्लोव्हजना दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपायचा नाही. मी डावा डिफेंडर, आणि त्या जागेवर माझा फार जीव.

गेममधल्या खेळाडूंना आम्ही आमचीच नावं आणि आमच्याच जागा दिल्या. गुण मात्र उरलेल्या दोघांनी ठरवायचे. माझा वेग वीसपैकी चार! मी भडकलो.

"चार पन दोस्तीखातर दिलेत," मंगेश म्हणाला.

मग आमच्यावर गोल बसायला लागले, आणि सगळे डावीकडून. आम्ही ऑफसाइडचा सापळा लावला. समोरचा पास देणार तेवढ्यात आपले डिफेंडर एकदम पुढे सरकायचे, म्हणजे त्यांचा फॉरवर्ड ऑफसाइडला अडकतो. बाकीचे सरकले. स्क्रीनवरचा मी तिथेच! फॉरवर्ड माझ्या शेजारून आरामात गेला.

"अरे, याला कोनीतरी फोन करा!" मंगेश ओरडला.

मागे एक माणूस वाढवला. तरी गोल डावीकडूनच. चहा घेऊन आलेल्या आंटी, म्हणजे सावियोची आई, जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या बाजूचं दार रोज उघडंच ठेवता काय रे?"

त्या दिवशी सावियोने मला विकायला काढलं. वर म्हणाला, "इथे जो टीमबाहेर बसला, तो मैदानावरही बाहेर बसला." मला खूप लागलं ते. विकत मात्र कुणीच घेतलं नाही! फुकट म्हणून जाहीर केलं, तरी एकाही क्लबचं उत्तर नाही.

मी हट्टाला पेटलो. स्क्रीनवरच्या नितीनला सगळ्यात कडक ट्रेनिंग लावलं आणि स्वतः भुईगावच्या किनाऱ्यावर रोज सकाळी धावायला लागलो. लवकरच गेममध्ये मेसेज आला: मांडीचा स्नायू दुखावला, खेळाडू बाहेर. मी वाचायला वाकलो तर मलाही वाकता येईना!

शेवटची मॅच. गेममधल्या क्लबच्या मालकांनी बजावलं होतं, हरलात तर तिन्ही मॅनेजर घरी. मी बरा होऊन बदली खेळाडू म्हणून उतरलो, तीच शेवटची बदली. गोल शून्य-शून्य. तेवढ्यात स्क्रीनवरच्या सावियोला रेड कार्ड! आता मैदानावरच्याच कुणाला तरी गोलमध्ये उभं करायचं होतं.

"नित्याला कर," मंगेश म्हणाला. "तसा पन तो जागचा हलत नाय!"

नाइलाज म्हणून केलं. त्यांनी शॉटवर शॉट मारले आणि मी एकूणएक अडवले. मॅच बरोबरीत सुटली, आम्ही तिघे वाचलो. मंगेश मला उचलून नाचला.

पुढच्या रविवारी मिसेनंतर मैदानावर मी माझ्या जागी, डावीकडे उभा राहिलो. सावियो गोलमधून चालत आला. हातातले ग्लोव्हज काढून त्याने माझ्या छातीवर दाबले.

"धर," म्हणाला. "आणि सरक. डावीकडे मी बघतो."