यादीतला शेवटचा पेशंट

टँकर निम्माच आला, तसं आमच्या हॉस्पिटलच्या सर्जन सरांनी ऑपरेशनची यादी खालून कापली. आमच्याकडे यादी नेहमी खालूनच कापली जायची, आणि खाली कायम सरकारी विमा योजनेचे पेशंट.

दुष्काळाचं वर्ष. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. ऑपरेशनला पाणी फार लागतं. हात धुवायला, कपडे धुवायला, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायला. पाणी निम्मं आलं की यादी निम्मी.

त्या दिवशी नंबर गेला सुभद्राबाईंचा. लातूरजवळच्या मुरुडच्या. पित्ताशयात खडे; दुखायला लागलं की जमिनीवर लोळायच्या. सरकारी विम्याची मंजुरी आली होती, पण तिची मुदत तीन दिवसांत संपणार होती. मग सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून.

मी भूलतज्ज्ञ. म्हणजे सर्जन कापतो तोवर पेशंटला झोपवायचं, त्याचा श्वास सांभाळायचा आणि परत जागं करायचं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी भूलशास्त्र शिकून इथं आले. 'अख्ख्या जिल्ह्यात भूल देणारी बाई मी एकटी' असं सांगत सुटायचे. कुणी मोजलं नव्हतं, मीही नाही. पुढे आमच्या हॉस्पिटलनं योजनेसाठी अर्ज केला, त्याला माझ्या पदव्या आणि अनुभव जोडला. दारावर पाटी लागली: 'येथे योजना स्वीकारली जाते.' मी पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. पन्नाशी उलटलेली, पण हौस नवरीची. योजना स्वीकारली होती खरी. पेशंट स्वीकारायचे राहिले होते.

भूल देताना पोट रिकामं लागतं. झोपेत पोटातलं वर आलं तर ते फुफ्फुसात उतरतं. म्हणून आदल्या रात्रीपासून उपास. सुभद्राबाई पहिल्या दिवशी दुपारी चारपर्यंत उपाशी राहिल्या. मग सिस्टर म्हणाली, "आज नाही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांना आत घेतलं. मी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं का?"

"हाव. जरा च्या पिले. खारी बुडवून. चक्कर यायली होती, डॉक्टरीनबाई."

"मग आज होणार नाही. सांगितलेलं कळत नाही का?"

"रातच्यापून तोंडात थेंब न्हवता ओ. नंबर तर लागंना."

"नियम म्हणजे नियम, मावशी!"

नियम बरोबरच होता. माझा आवाज मात्र पार वॉर्डापर्यंत गेला, आणि तो गेला हे मला आवडलं. 'उद्या यांना पहिल्या घ्या,' एवढं सरांना म्हणायचं सुचलंही होतं. पण उद्याचा पहिला नंबर सरांच्या ओळखीतल्या शेठजींचा होता. मी फाइलवर नुसतं 'उद्या' लिहिलं.

तिसरा दिवस, मुदतीचा शेवटचा. पुन्हा दुपार, पुन्हा तोच प्रश्न.

"न्हाई," बाई म्हणाल्या. थेट माझ्याकडे बघून.

"पाणी?"

"न्हाई. काहीच न्हाई."

"शाब्बास!" हा शब्द मी खरोखर वापरला.

औषध सोडलं. बाई झोपल्या. श्वासाची नळी घालायला तोंड उघडलं, तर घशात भाकरी. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, घशातलं ओढून घ्यायला सक्शन लावलं, नळी घातली. सक्शनच्या बाटलीत ज्वारीचे पांढरे कण फिरत होते. ऑक्सिजन उतरत होता.

"मॅडम, मी सुरू करू का?" सर म्हणाले.

"काय सुरू करता? आयसीयूत न्या!"

पाच दिवस व्हेंटिलेटर. वाचल्या. फाइलमध्ये मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'रुग्णाने खाल्ल्याचे लपवले.' योजनेकडून चौकशीला एक डॉक्टर आले. त्यांनी ती ओळ वाचली, चहा घेतला, गेले. चूक बाईंची ठरली. बाकी आम्ही सगळे स्वच्छ.

नळी निघाल्यावर मी खाटेजवळ गेले. "मावशी, खोटं का बोललात?"

बाईंचा आवाज पार बसला होता. "खरं बोलले तवा तुमी हाकललं. आज न्हाई झालं तर कागद वाया. सकाळच्याला अर्धी भाकर खाल्लेली, म्हणलं दुपारपत्तोर जिरंल." मग जरा हसल्या. "शाब्बास म्हणलात की तुमी."

मला तोंड कुठं लपवावं कळेना, म्हणून मी नाडी बघितली.

मंजुरी संपली होती. फुफ्फुसं सुधारल्याशिवाय ऑपरेशनही करता येत नव्हतं. बाई खडे घेऊनच मुरुडला गेल्या. परत आल्या नाहीत.

नंतर मी सरांना म्हटलं, "योजनेचे पेशंट सकाळी आधी घेऊ या."

"मॅडम, तुम्ही झोपवायचं बघा. यादी मी बघतो."

मी झोपवायचंच बघितलं. आणखी सहा वर्षं, त्याच पाटीखालून ये-जा करत.

आता माझी नात भूलशास्त्र शिकते आहे. तिला सांगते, 'खाल्लं का?' असं विचारू नको, 'शेवटचं कधी खाल्लं?' असं विचार. आणि पुढे म्हण, 'खरं सांगितलंत तरी तुमचा नंबर जाणार नाही.'

पण हे म्हणण्याआधी यादी कोण करतो ते बघून ये.